सोनं संपलं, मग गावाचं काय?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, सोन्याच्या खाणींचा विषय शिकवताना मी आधी आपल्या बीडबद्दलच विचारतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर उचल घेऊन कारखान्यावर जातात. तिथं कोप्यांची वस्ती उभी राहते, हंगाम संपला की मोडते. मुलांना हे सांगावं लागत नाही, त्यांनी ते पाहिलेलं असतं.

खाणीची गावंही अशीच वसली. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी, जेम्स मार्शल यांना लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले. बातमी पसरली, जगभरातून माणसं धावली. पर्वतापलीकडच्या बोडी गावात १८८० च्या सुमारास हजारो लोक राहत होते. सोनं घटलं, लोक पांगले. आज तिथं रिकामी घरं तेवढी उरलीत.

आता कर्नाटकातलं कोलार बघा. १८८० मध्ये जॉन टेलर कंपनी आली, १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद पडली. पण गाव उठलं नाही. तिथले कितीतरी लोक रोज रेल्वेनं बेंगळुरूला कामाला जातात.

म्हणजे दुसरं काम मिळालं तर गाव टिकतं, आणि दुसऱ्या कामाची वाट शाळेतून जाते. म्हणून पालकांनो, यंदा कारखान्यावर जाताना लेकरू आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा. त्याची शाळा मोडू नका.