पहिली राजस्थान सहल : तीन शहरे, सहा मुक्काम

जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर ही चारही शहरे आठवडाभरात होतील, असे नकाशा पाहून वाटते. पण जोधपूर-जैसलमेर अंतर सुमारे २८५ किलोमीटर आणि तिथून उदयपूर जवळपास ५०० किलोमीटर. दोन दिवस प्रवासातच जातात. पहिल्या सहलीत जैसलमेर वगळा.

रेल्वे कुठे, मोटार कुठे?
मुंबई-जयपूर रात्रीची रेल्वे घ्या. जयपूर-जोधपूरही रेल्वेनेच करा. जोधपूर-उदयपूर मात्र मोटारीने, कारण वाटेत रणकपूरचे जैन मंदिर लागते. ते पर्यटकांसाठी दुपारी १२ला खुले होते. त्यामुळे जोधपूरहून सकाळी आठला निघाले तरी चालते. त्याच दिवशी कुंभलगडचाही आग्रह धरल्यास उदयपूरला पोहोचायला रात्र होते.

मुक्काम किती?
प्रत्येक शहरात दोन रात्री. उदयपूरहून रेल्वेनेच परता.

आरक्षण कधी?
रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. जाण्या-येण्याची तिकिटे पक्की झाल्यावरच हॉटेलचे पैसे भरा. मोटार ठरवताना टोल, चालकाचा भत्ता आणि रिकाम्या परतीचे भाडे दरात धरले आहे का, हे आधीच विचारा.