‘किंमत समक्ष’ नको, आकडा लिहा

घर विकायचे ठरले की फाटकावर पाटी लागते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो फिरतात. किती गुंठे, नळ आहे का, बोअर आहे का, गाडी दारात येते का, सगळे लिहिलेले असते. शेवटी मात्र ‘किंमत समक्ष’. गडहिंग्लजला घर शोधणाऱ्यांत मुंबई-पुण्यात नोकरी करणारेही असतात. त्यांना समक्ष यायचे तर रजा टाकावी लागते. आपल्या आवाक्यातले आहे की नाही हेच कळत नसेल, तर ते पुढच्या जाहिरातीकडे वळतात.

आकडा आधी सांगितला तर घर कमीत जाईल, ही मालकाची भीती. अभ्यास वेगळे सांगतो. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी अमेरिकेतल्या टक्सन शहरात एकच घर विद्यार्थ्यांना आणि एजंटांना दाखवले. माहिती तीच, फक्त सांगितलेली किंमत गटागणिक वेगळी. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्यांना चढी किंमत सांगितली त्यांनी घराचे मोलही चढे लावले. मुरलेले एजंटही त्यातून सुटले नाहीत. पहिला आकडा कोणी बोलला, यावर पुढची बोलणी ठरतात.

आकडा कसा लिहिला यालाही महत्त्व आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या मनोज थॉमस आणि सहकाऱ्यांना २०१० च्या अभ्यासात दिसले की, गोल रकमेपेक्षा नेमकी रक्कम ग्राहकाला कमी वाटते. मात्र नेमकेपणाला हिशेबाचा आधार हवा. जागेचा चालू भाव, बांधकामाचे वय आणि रेडी रेकनरचा दर मांडून आलेली रक्कम बैठकीत ठामपणे सांगता येते.

काही शब्द मालकाचेच नुकसान करतात. ‘तातडीने विकणे’ वाचले की घेणारा नड ओळखतो. ‘तडजोड होईल’ लिहिले की लिहिलेला आकडा कोणी खरा धरत नाही. बैठकीत थोडेफार कमी-जास्त होते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. ते पाटीवर कशाला?

सर्वांत मोलाचे वाक्य बहुतेक जाहिरातींत नसते: ‘खरेदीखत पूर्ण रकमेचे.’ कर्ज काढणाऱ्याला हे आधी कळायला हवे, कारण बँक कागदावरची किंमत पाहते; वरचे रोख देण्याची त्याची ऐपत नसते. शिवाय घरजागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे कायद्याला मान्य नाही.

तेव्हा असे लिहा: ‘दीड गुंठा जागा, ९०० चौरस फूट बांधकाम, अपेक्षित किंमत ४७ लाख ६० हजार, खरेदीखत पूर्ण रकमेचे.’ फोन कदाचित कमी येतील. पण येतील ते घर घ्यायचे ठरवलेल्यांचे.