मक्याऐवजी कणी व कोंडा

तंजावूरच्या राजवाड्याच्या परिसरात दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल स्थापिला. तेथे माणसांप्रमाणेच जनावरांसाठीही औषधे सिद्ध होत. त्यांनीच अन्नछत्र उभारलेल्या ओरत्तनाडू येथे २०१२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय चालू आहे. पशुधनाविषयीच्या या आस्थेत आज कोंबडीच्या खाद्याचा प्रश्नही येतो.

मांसल कोंबडीच्या संगोपनात निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो आणि त्या खाद्यात मक्याचा वाटा मोठा असतो. मक्यापासून इथेनॉल काढले जाऊ लागल्याने त्याची मागणी वाढली आहे. भाव थोडा चढला तरी लहान कोंबडीपालकाचा नफा नाहीसा होतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भात विपुल पिकतो. तेव्हा भातगिरणीतील कणी व कोंडा वापरावा, हा विचार स्वाभाविक होय.

कणीत पिष्ट भरपूर व तंतू अल्प असल्याने ती सहज पचते. मात्र मक्यातील पिवळे रंगद्रव्य तीत नसते. म्हणून कोंबडीची कातडी फिकट दिसते. कोंड्यात प्रथिने व स्निग्धांश मक्याहून अधिक असतात. परंतु तंतूही अधिक असतात आणि साठवणीत त्यातील तेल लवकर खवट होते. शिवाय त्यातील बहुतेक स्फुरद फायटेटच्या रूपात बद्ध असतो. तो सोडविण्यास कोंबडीचे स्वतःचे पाचकरस अपुरे पडतात.

येथे विकरे साहाय्यास येतात. फायटेज हे विकर बद्ध स्फुरद मोकळा करते. त्यामुळे खाद्यात खनिज स्फुरद कमी घालावा लागतो आणि विष्ठेवाटे माती व पाणी यांत जाणारा स्फुरदही घटतो.

प्रत्येक धान्याचा दोष मात्र निराळा असतो. सातूतील बीटा-ग्लुकान व गव्हातील अरबिनोझायलान यांमुळे आतड्यातील द्रव चिकट होतो, अन्नरसाचे शोषण मंदावते व विष्ठा ओलसर होते. विकर मिसळल्यास सातू कोंबडीच्या पिलांना अधिक मानवतो, असे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी १९५७ मध्ये दाखविले. गव्हासाठी झायलनेज उपयोगी पडते. काही ज्वारींतील टॅनिनवर मात्र या विकरांचा इलाज चालत नाही. तेथे अल्प टॅनिनचे वाणच निवडावे लागते.

विकर हेही प्रथिनच असल्याने अतिउष्णतेने निकामी होते. गोळीखाद्य बनविताना ही दक्षता घेणे आवश्यक आहे. धान्य बदलताना प्रमाण हळूहळू वाढवावे, पिलांचे वजन नियमित नोंदवावे व कोंडा ताजाच घ्यावा. स्वस्त धान्याने वाचलेला पैसा वाढ खुंटल्यास व्यर्थ जातो. म्हणून किलोभर वजनवाढीस आलेला खर्च हीच खाद्याची खरी कसोटी होय.