प्लग बसला म्हणजे जुळला असं नाही

मागच्या वेळी आपण घरातल्या अर्थिंगबद्दल बोललो. आज तोच धागा धरून जरा परदेशात जाऊ. समजा, रात्री उशिरा आपण हॉटेलच्या खोलीत पोचलो. फोनची बॅटरी संपत आली आहे आणि भिंतीवरचं सॉकेट अनोळखी आहे. अशा वेळी आपण काय करतो? प्लग कसाबसा आत जातोय का ते बघतो. गेला की आपलं काम झालं!

खरं तर प्रश्न तीन आहेत. प्लग बसतो का? अर्थिंग मिळतं का? आणि व्होल्टेज किती आहे? सॉकेटचा चेहरा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो. तिसऱ्याचं देत नाही, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो.

आधी चेहरे ओळखू. जगातल्या प्लग-सॉकेटांना ए, बी, सी अशी इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत. भोकं गोल आहेत की चपटी, हे पहिल्यांदा बघायचं. दोन उभ्या, समांतर चपट्या फटी दिसल्या तर तो अमेरिकेचा ए. त्यांच्या जोडीला अर्थिंगचं गोल भोक असेल तर बी. फटी तिरक्या, कौलारू छपरासारख्या असतील तर ऑस्ट्रेलियाचा आय. तीन जाड चौकोनी फटी म्हणजे ब्रिटनचा जी. दुबई, सिंगापूर, मलेशियातही हाच भेटतो.

युरोपात भोकं गोल असतात. तिथे अर्थिंग कुठे आहे ते शोधायचं. जर्मनीच्या एफ सॉकेटमध्ये वर-खाली धातूच्या दोन पट्ट्या असतात. फ्रान्सच्या ई मध्ये सॉकेटातूनच एक पिन बाहेर आलेली असते. इटलीत तीन भोकं एका रांगेत असतात. डेन्मार्कचं सॉकेट तर चक्क हसऱ्या चेहऱ्यासारखं दिसतं. दोन डोळे, आणि खाली अर्थिंगचं तोंड.

आता गंमत बघा. जर्मनीचा प्लग या डॅनिश सॉकेटमध्ये व्यवस्थित बसतो. यंत्र चालतंही. पण जर्मन प्लगचं अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांवर, आणि डॅनिश सॉकेटचं त्या तोंडात. दोघांची गाठच पडत नाही. म्हणजे धातूची इस्त्री चालू आहे, पण तिला अर्थिंग नाही. प्लग बसला, जुळला नाही.

आपल्याकडची मंडळी हीच चूक ब्रिटिश सॉकेटशी वेगळ्या तऱ्हेने करतात. त्या सॉकेटच्या खालच्या दोन फटींवर आतून झडपा असतात. अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते. ती आधी आत जाते आणि झडपा उघडते. आपला दोन पिनांचा प्लग त्यामुळे जात नाही. मग कुणीतरी पेन घेतं, वरच्या फटीत खुपसतं, झडपा उघडतात आणि प्लग आत! हसू नका, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे केलेलं असेल.

यात बिघडतं काय? ब्रिटनमध्ये घरातल्या सॉकेटांची वायरिंग सहसा वर्तुळासारखी फिरवलेली असते आणि तिच्यावरचा ब्रेकर ३२ अँपिअरचा असतो. आपल्या चार्जरची बारीक वायर एवढा करंट सोसू शकत नाही. म्हणून तिथे प्रत्येक प्लगच्या पोटात ३ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज बसवतात. वायरचा राखणदार तो फ्यूज. पेनची युक्ती केली की आपण त्या राखणदाराला वगळतो. वायर तापून वितळायला लागली तरी ब्रेकरला पत्ता लागेलच असं नाही. फ्यूज असलेला साधा अडॅप्टर घेतला की हा प्रश्न मिटतो.

जाता जाता सांगतो, आपलं तीन गोल पिनांचं सॉकेटही मूळचं ब्रिटिशांचंच. १९४७ मध्ये त्यांनी चौकोनी पिनांचं नवं मानक आणलं. आपण जुनंच ठेवलं.

आता तिसरा प्रश्न, व्होल्टेजचा. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, फिलिपिन्समध्ये २२०. आणि तिन्हीकडे चपट्या फटींचं तेच सॉकेट! ब्राझीलमध्ये तर एकाच देशात, एकाच आकाराच्या सॉकेटमध्ये कुठे १२७ व्होल्ट मिळतात, कुठे २२०. चेहऱ्यावरून कसं कळणार? तिथे विचारावंच लागतं.

अडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आपली २३० व्होल्टची, १५०० वॅटची किटली अमेरिकेत लावली तर जेमतेम ४०० वॅट मिळतील. व्होल्टेज साधारण निम्मं झालं की तापवणाऱ्या यंत्राची शक्ती पावपट होते. चहाला उशीर होईल, एवढंच. पण उलटं करून बघा. अमेरिकेहून आणलेला, फक्त १२० व्होल्टचा १५०० वॅटचा हेअर ड्रायर इथे २३० वर लावला तर तो साडेपाच हजार वॅट ओढायला जाईल. तो जळणारच.

मग करायचं काय? उत्तर आपल्याच यंत्राच्या पाठीवर छापलेलं असतं. 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं लिहिलेलं असेल तर व्होल्टेजची काळजी मिटली. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा हेच असतं. शेजारी चौकोनात चौकोन अशी खूण दिसली तर त्या यंत्राला अर्थिंग लागतच नाही. खूण नाही आणि प्लग तीन पिनांचा आहे, तर अर्थिंग जोडणाराच अडॅप्टर हवा. आणि फक्त '२३० व्होल्ट' लिहिलेली इस्त्री, किटली, पाण्याचा रॉड असल्या वस्तू १००-१२० व्होल्टच्या देशात नेऊच नयेत.

तर मंडळी, बॅग भरताना प्रत्येक वस्तू एकदा उलटी करून वाचा. रात्री दोन वाजता सॉकेटपाशी वाकून वाचण्यापेक्षा ते सोपं. आता प्रश्न घेऊ या.