इंडिकस, इंडिका, इंडिकम

बॉस इंडिकस म्हणजे वशिंडाची गुरं, मँगिफेरा इंडिका म्हणजे आंबा आणि सेसॅमम इंडिकम म्हणजे तीळ. शास्त्रीय नावांतला दुसरा शब्द तिन्हीकडे एकच, अर्थ ‘भारतातला’. रूपं तीन झाली, कारण लॅटिन विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. इंग्रजांच्या मुलांना हे घोकावं लागतं. काळा बैल, काळी गाय, काळं वासरू म्हणणाऱ्यांना ते निम्मं आधीच येत असतं.

खरी गंमत चिंचेपाशी आहे. टॅमॅरिंडस हे नाव दिसायला पुल्लिंगी, म्हणजे पुढे इंडिकस हवं. पण कार्ल लिनिअसने १७५३ साली छापलं टॅमॅरिंडस इंडिका. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, मग शेवट ‘-उस’ असला तरी. आपला पिंपळ फायकस रिलिजिओसा झाला तो याच न्यायाने. शेवटच्या अक्षरावरून लिंग ठरवणारा इथे हमखास फसतो.

या विशेषणाचं मूळ आपल्या सिंधूत आहे. इराणी भाषांत ‘स’चा ‘ह’ होतो, म्हणून सिंधूची हिंदू झाली. आशिया मायनरमधल्या ग्रीकांनी तो ‘ह’ही टाकला आणि नदी इंडोस झाली, तिच्याकडचं ते इंडिकोस. रोमनांनी त्याचं इंडिकस केलं. त्यांच्याकडे भारतातून जाणारी नीळ नुसती ‘इंडिकम’ म्हणूनच ओळखली जाई. विशेषणाचंच नाम झालं आणि त्यातून पुढे युरोपात ‘इंडिगो’ आला.

लिंगाबाबत इतकं काटेकोर असलेलं हे विशेषण पत्त्याबाबत मात्र बेफिकीर आहे. टपिरस इंडिकस हा प्राणी मलेशिया-सुमात्राकडचा, भारतात तो नाहीच. युरोपीयांच्या लेखी पूर्वेकडचा बराच मुलूख ‘इंडिया’त मोडत असे. चिंचेची तर दुहेरी गफलत. टॅमॅरिंडस आला अरबी ‘तमर हिंदी’वरून, म्हणजे हिंदी खजूर. त्यापुढे पुन्हा इंडिका! आणि झाड मूळचं आफ्रिकेचं.

१९९८ साली पुण्यात तयार झालेल्या टाटांच्या मोटारीचं नावही इंडिकाच. मराठीत गाडी स्त्रीलिंगी, तेव्हा लॅटिनच्या मास्तरांनाही त्यात खोट काढता आली नसती.