भेकराला 8 मिलिमीटर पुरतात

माजिवड्याहून घोडबंदरच्या दिशेला निघालं की डावीकडे येऊरचं रान. त्या रानात भेकर आहे, कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. त्याच्या मादीत गुणसूत्रं किती? फक्त 6! नरात 7. सस्तन प्राण्यांतला हा नीचांक 1970 साली जगाला कळला.

आता मोजू या. अंडपेशी घडताना अर्धगुणसूत्री विभाजनात प्रत्येक जोडी फुटते. एक इकडे, एक तिकडे. कोण कुठे, ही निव्वळ नाणेफेक. भेकराच्या जोड्या 3, म्हणजे दोन दुणे चार, चार दुणे आठ. अंडपेशींचे प्रकार 8. प्रत्येकाला घोडबंदर रोडवर एक मिलिमीटर जागा देऊ. रांग झाली करंगळीच्या नखाएवढी!

माणसाच्या जोड्या 23. दर जोडीला दुप्पट, दुप्पट, दुप्पट... 83,88,608! मुंबईच्या लोकलचे रोजचे 75 लाख प्रवासी धरले, तरी प्रत्येकाला निराळा प्रकार देऊन आठ लाखांवर उरतात. आणि रांग? 8 किलोमीटर 388 मीटर. मानपाडा गेलं, पातलीपाडा गेलं, वाघबीळही मागे पडलं!

हे एकट्या आईचं. वडिलांचेही तेवढेच प्रकार. गुणाकार करा: 70 लाख 36 हजार 874 कोटी तऱ्हेची बाळं, एकाच जोडप्याची! प्रत्येकाच्या बारशाला रुपया द्यायचा, तर केंद्राचं 2025-26 चं 50 लाख 65 हजार कोटींचं अंदाजपत्रकही अपुरं. रांग सात कोटी किलोमीटर. मुंबई-पुणे रोज जाऊन-येऊन करा, 640 वर्षं लागतील. आणि जोडी फुटण्याआधी गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात, ते तर आपण धरलंच नाही!

आता बूड टेकून बसा. ऑफिओग्लॉसम रेटिक्युलॅटम हे तळहाताएवढं नेचं. ए. अब्राहम आणि सी. ए. निनान या भारतीय शास्त्रज्ञांनी 1954 साली त्याची गुणसूत्रं मोजली: 1260. जोड्या 630! बीजाणू घडताना सगळ्या फुटतात. प्रकार किती? 190 आकडी संख्या, 4 वर 189 शून्यं! घोडबंदर संपला, पुणं संपलं, सूर्य मागे पडला. दिसणारं अख्खं विश्व ओलांडायला एकावर 30 शून्यं एवढे मिलिमीटर पुरतात. विश्व संपलं, आणि आपल्या हातात अजून 159 शून्यं शिल्लक!

येऊरच्या भेकराचं मात्र नखाएवढ्या जागेत भागतं.