पडदा मोठा झाला, दार अरुंद झाले!

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. देवीच्या श्रद्धेचा प्रश्न आज बाजूला ठेवू. यात्रा म्हटली की आमच्या भागातल्या माणसाला आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे टुरिंग टॉकीज. मराठवाडा, सोलापूर, सातारा या पट्ट्यातल्या यात्रांमध्ये बांगड्यांच्या दुकानांशेजारी हे तंबू उभे राहत. जुन्या ट्रकवर बसवलेले प्रोजेक्टर, कर्ण्यावरून दिलेली हाळी, खाली जमिनीची बैठक आणि खिशाला झेपेल असे तिकीट. दिवसभर खुरपे चालवलेली बाई आणि ऊस तोडून आलेला गडी तिथे त्याच दरात, त्याच धुळीत बसत. अंधार झाला की कोण कुठल्या वस्तीतला, हे विचारायला कोणी उठत नसे.

त्या काळाचे आम्ही गोडवे गाणार नाही. रीळ मध्येच तुटे, आवाज घरघरे, बायकांची सोय नसे. नवा सिनेमा शहरात चालून चालून झिजला की मग त्याची पेटी आमच्याकडे येई. म्हणजे शिळ्या भाकरीसारखा सिनेमाही आमच्या वाट्याला शिळाच! पुढे डिजिटल तंत्र आले, उपग्रहावरून सिनेमा थेट पडद्यावर उतरू लागला आणि ही पेटी बंद झाली. 29 एप्रिल 2016 रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला, तेव्हा पुण्या-मुंबईबरोबर तालुक्याच्या गावांनीही तो ताजा पाहिला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या पोराने आपल्याच मातीतली जातीची जखम पडद्यावर मांडली आणि शंभर कोटींचा धंदा करून दाखवला. तंत्रज्ञानाचे हे उपकार नाकारणे कृतघ्नपणा ठरेल.

पण त्याच तंत्राने तंबू उठवले. फिल्मच्या प्रिंट निघणे थांबले आणि डिजिटल यंत्राचा खर्च फिरत्या मालकाला पेलला नाही. कार्बनच्या कांड्या जुळवणारे, तुटलेले रीळ क्षणात सांधणारे ऑपरेटर बेकार झाले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला, गौरवलाही गेला. आमचा तंबू पडल्याची वार्ता फ्रान्सला कळली, मुंबईच्या मंत्रालयाला मात्र तिची काळजी वाटली नाही.

आता हिशेब पाहा. देशातल्या सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीचे सरासरी तिकीट 2023-24 मध्येच अडीचशे रुपयांच्या पुढे गेले होते. चार माणसांचे कुटुंब गेले तर हजार रुपये तिकिटालाच लागतात. येरमाळ्याहून सोलापूरला जायचे तर एसटीचे भाडे वेगळे. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये ठरली होती. तीन दिवस मातीत राबा आणि तीन तास खुर्चीत बसा, असा हा न्याय!

आत गेल्यावर तरी सुटका आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2023 रोजी सांगितले, की बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा थिएटरमालकाला अधिकार आहे, मात्र पिण्याचे शुद्ध पाणी त्याने मोफत दिले पाहिजे. फडक्यात बांधलेली भाकरी दाराबाहेर राहिली, पाणी तेवढे आत मिळाले. पाण्याच्या हक्कासाठी 1927 साली महाडला चाललेल्या समाजाला या निकालाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

मालक म्हणतात, वातानुकूलन, नवे प्रोजेक्टर, नवी ध्वनियंत्रणा यांचा खर्च कोण भरणार? प्रश्न रास्त आहे. पण 23 सप्टेंबर 2022 रोजी राष्ट्रीय सिनेमा दिनी तिकीट 75 रुपये केले, तेव्हा एका दिवसात 65 लाखांवर प्रेक्षक आल्याचे मल्टिप्लेक्सवाल्यांच्याच संघटनेने सांगितले. याचा अर्थ लोकांना सिनेमाचा कंटाळा आलेला नाही. लोक दाराबाहेर उभे आहेत.

सरकारला सवलत देताच येत नाही, असेही नाही. मार्च 2022 मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’ अनेक राज्यांनी करमुक्त केला. त्याच महिन्यात झोपडपट्टीतल्या पोरांची कथा सांगणारा ‘झुंड’ लागला होता. त्याला ही सवलत का नाही, असा जाहीर सवाल निर्मात्या सविता राज हिरेमठ यांनी केला. करमाफी कोणाच्या कथेला मिळते, हे बहुजनांनी नीट ओळखावे.

22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. शंभराच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के कायम आहे. सवलत चांगली, पण शंभराचे तिकीटच नसेल तर ती कोणाच्या कामाची? म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पडद्यावर, प्रत्येक खेळाला, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, ठरावीक खुर्च्या शंभर रुपयांच्या आत ठेवण्याचे बंधन शासनाने घालावे. यात्रेच्या गावी डिजिटल यंत्र घेऊन येणाऱ्या फिरत्या टॉकीजला अनुदान द्यावे.

मोबाइलवर सिनेमा दिसतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. परंतु मोबाइलवर माणूस एकटा रडतो, एकटा हसतो. ‘सैराट’च्या शेवटी सगळे थिएटर मुके झाले होते; वाड्यातला आणि वस्तीतला एकाच वेळी मुका झाला होता. हे मुके होणे ज्यांना परवडते त्यांच्यापुरतेच उरले, तर ज्यांच्यावर सिनेमा निघतो त्यांनाच तो पाहता येणार नाही. राज्यकर्त्यांना हे मंजूर आहे काय?